टो डॉली: ८ महिने, ६,५०० किलोमीटर

आमच्या कॅम्परमागे (राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीमागे) छोटी कार जोडून न्यायला टो डॉली घेतली, त्याला आता ८ महिने होतील. एकूण ११ प्रवास आणि साधारण ६,५०० किलोमीटर झाले. ऊन, पाऊस, जोराचा वारा, लांबलचक उतार, सगळं तिने बघितलंय. घेण्याआधी मी जे वाचलं होतं ते एक तर जाहिरातीसारखं होतं, नाहीतर नुसती भीती घालणारं. म्हणून रोजच्या वापरात काय समोर येतं ते सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टो डॉली म्हणजे दोन चाकांचा बुटका ट्रेलर. कारची पुढची चाकं त्याच्यावर चढवून पट्ट्यांनी आवळायची, मागची चाकं रस्त्यावरच फिरत राहतात. माझ्या डॉलीचा वरचा भाग फिरता आहे, त्यामुळे वळणावर कार त्या फिरत्या पाटावर वळते. कारचं स्टिअरिंग सरळ ठेवून लॉक करायचं. सगळ्या डॉलींना ही पद्धत चालत नाही, तेव्हा आपल्या डॉलीची पुस्तिका बघूनच ठरवा.

आमची कार ऑटोमॅटिक आहे आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. डॉली घेण्याचं कारण हेच. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून ताकदीची चाकं रस्त्यावर फिरू दिली, तर आतले भाग तेलाविना फिरतात आणि गिअरबॉक्स जळतो. पुढची चाकंच उचलली की हा प्रश्न उरत नाही. तुमच्या गाडीची ताकद मागच्या चाकांना जात असेल तर ती पुढून उचलून चालणार नाही, निदान प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा, सोडवल्याशिवाय नाहीच. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीला किंवा मागे मोटर असलेल्या इलेक्ट्रिक गाडीला सरळ चार चाकांचा सपाट ट्रेलर घ्या. डॉलीच्या किमतीकडे बघून तडजोड करू नका.

आता मुख्य गोष्ट. मागे काय चाललंय ते चालवणाऱ्याला कळत नाही. कॅम्पर जड, इंजिन ताकदीचं; मागे हजारभर किलोची कार घासत आली तरी स्टिअरिंगवर काहीच जाणवत नाही. आरशात कारचा जेमतेम एक कोपरा दिसतो. एकटी गाडी चालवताना काही बिघडलं तर सीटला, हाताला, कानाला लगेच समजतं. ती सवय इथे उपयोगी पडत नाही.

हे मला दुसऱ्याच प्रवासात कळलं. कार चढवली, पट्टे आवळले, साखळ्या लावल्या आणि निघालो. २० मिनिटांनी चहासाठी थांबलो. मी खाली उतरले तर जळल्यासारखा उग्र वास. कारच्या मागच्या चाकाजवळ हात नेला, झळ लागली. हँडब्रेक पूर्ण सुटलेला नव्हता, एक-दोन खटके वरच राहिला होता. नवरा म्हणाला, "मी खाली केला होता गं." केला होता, पण तळापर्यंत नाही. आणखी तासभर तसेच गेलो असतो तर टायर फुटला असता, कदाचित आगही लागली असती. ब्रेकचे लायनर बदलावे लागले, तेवढ्यावर निभावलं.

तेव्हापासून निघण्याआधी एक गोष्ट चुकत नाही. कार डॉलीवर बांधून झाली की कॅम्पर अगदी हळू ८-१० मीटर पुढे घेते आणि नवरा बाजूला उभा राहून कारची मागची दोन्ही चाकं फिरतायत का ते बघतो. एक चाक जरी घसटलं तरी लगेच दिसतं. बटणाचा पार्किंग ब्रेक असलेल्या गाड्यांत जास्त सावध राहा. त्यातल्या काहींमध्ये इंजिन बंद केलं की ब्रेक आपोआप लागतो. तो सुटाच कसा ठेवायचा हे त्या गाडीच्या पुस्तिकेतून आधी शिकून घ्या आणि मगच डॉलीवर चढवा.

पट्ट्यांबद्दल मला बरंच सांगायचंय, कारण कार डॉलीवर त्यांच्याच जोरावर टिकते. टायरवरून जाळीसारखे पट्टे येतात आणि मागे रॅचेटने, म्हणजे एकाच दिशेने फिरणाऱ्या खटक्याच्या पकडीने, आवळले जातात. घरी कितीही घट्ट आवळा, पहिल्या ८-१० किलोमीटरमध्ये ते सैल पडतात. टायर पाटावर नीट बसतो, पट्ट्याची घडी सरळ होते, कारचं स्प्रिंग दोन-चार वेळा दबतं, आणि ताण उतरतो. ११ पैकी प्रत्येक प्रवासात असं झालं. कधी रॅचेटचा एक खटका घ्यावा लागला, कधी चार. म्हणून पहिला थांबा १० किलोमीटरच्या आत, मग साधारण ८० किलोमीटरवर, आणि पुढे प्रत्येक थांब्यावर हात लावून बघणं. नुसतं डोळ्यांनी बघून पट्टा सैल आहे की घट्ट ते कळत नाही, बोटांनी दाबूनच कळतं.

रॅचेटच्या दांड्यावर पट्ट्याचे दोन-तीन वेढे बसले पाहिजेत. कमी असतील तर पट्टा सरकतो, फार जास्त झाले तर रॅचेट अडकतं आणि मग सोडवताना घाम निघतो. पट्ट्याला पीळ नको. उरलेलं टोक गुंडाळून बांधा; आमचं एकदा सुटलं आणि रस्त्यावर घासून त्याची झालर झाली, नशिबाने चाकात गेलं नाही. पाचव्या महिन्यात उजव्या पट्ट्याची कड उसवलेली दिसली. पाटाच्या धातूच्या काठावर तो घासत होता. उसवलेला पट्टा शिवून किंवा गाठ मारून वापरायचा नसतो. तो फेकला, नवा घेतला आणि काठावर रबराची पट्टी बसवली. एवढ्या साध्या गोष्टीसाठी बनवणाऱ्यांनीच तो काठ गोल करायला हवा होता, ही माझी या डॉलीबद्दलची सर्वात मोठी तक्रार.

पट्ट्यांशिवाय डॉलीपासून कारच्या खालच्या सांगाड्यापर्यंत वेगळी साखळीही लावते. दोन्ही पट्टे निकामी झाले तरी कार सुटून जायला नको. डॉलीच्या दांड्याच्या टोकाला कपलर असतो, तो कॅम्परमागच्या हिचवरच्या (जोडणीच्या सांगाड्यावरच्या) लोखंडी बॉलवर बसतो. डॉली आणि कॅम्परमधल्या दोन साखळ्या मात्र कपलरच्या खालून एकमेकींना छेदून लावायच्या. कपलर बॉलवरून निसटलाच तर दांडा त्या फुलीवर झोळीसारखा टेकतो, रस्त्यात रुतत नाही. वळणापुरती ढील ठेवा, पण जमिनीला घासेल इतकी नको. डॉली सुटली तर तिचे ब्रेक लावणारी बारीक तार कॅम्परच्या चासीला स्वतंत्र अडकवा, साखळीला नाही.

बॉलचा आकार आणि कपलरचा आकार एकच हवा. मोठ्या कपलरमध्ये छोटा बॉल बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात सुटतो. खटका लावून झाल्यावर मी दांड्याखालचा जॅक फिरवून दांडा थोडा वर उचलते. कॅम्परचा मागचा भाग सोबत उचलला गेला तर जोड पक्का. मग जॅक पूर्ण वर दुमडून घेते.

वजनाचं गणित घेण्याआधीच करा. आमची कार १,०५० किलो, डॉली २६०, म्हणजे १,३१० किलो ओढायचे. कॅम्परची ओढण्याची क्षमता, हिचची, बॉलची आणि डॉलीची, या चारांत जो आकडा सर्वांत लहान तोच खरा. आणि ओढणारी गाडी ओढल्या जाणाऱ्या गाडीपेक्षा जड असावी. कारमध्ये सामान कोंबू नका, आणि माणूस तर कधीच बसवू नका.

ब्रेकबद्दल. माझ्या डॉलीला सर्ज ब्रेक आहेत. कॅम्परचा वेग कमी झाला की मागची डॉली पुढे ढकलते, त्या ढकलण्याने कपलरमधला सिलिंडर दाबला जातो आणि डॉलीची चाकं थांबू लागतात. कॅम्परमध्ये डॉलीचे ब्रेक चालवणारा वेगळा कंट्रोलर लागत नाही, हा फायदा. तोटा लांब उतारावर कळला. उतारावर डॉली सतत ढकलत असते, म्हणून तिचे ब्रेक सतत थोडे लागलेले राहतात. खालच्या गिअरमध्ये उतरणं बरोबरच आहे, पण त्यानेही डॉलीचं ढकलणं थांबत नाही. ९ किलोमीटरच्या एका उताराखाली थांबले तेव्हा डॉलीची दोन्ही चाकं चांगलीच तापली होती. आता वरूनच वेग कमी ठेवून उतरते आणि मध्ये जागा मिळाली की १० मिनिटं थांबते. सतत डोंगरात फिरणार असाल तर इलेक्ट्रिक ब्रेक आणि त्याचा कंट्रोलर घ्या, असं मी सांगेन. बिनब्रेकची डॉली स्वस्त मिळते. ती घेऊ नका. नियम ठिकाणागणिक वेगळे आहेत, पण हजार किलो मागून ढकलत असताना कॅम्परचे ब्रेक एकटे पुरतील या भरवशावर मी तरी रस्त्यावर येणार नाही.

छोटी गोष्ट, पण फार कामाची निघाली: लांबून तापमान दाखवणारं इन्फ्रारेड थर्मामीटर. प्रत्येक थांब्यावर डॉलीचे दोन्ही हब (चाकांचे मधले भाग, ज्यांत बेअरिंग असतात) आणि कारची मागची दोन चाकं, अशा चार ठिकाणी बघते. आकडा किती यापेक्षा डावा-उजवा सारखा आहे का ते महत्त्वाचं. सहाव्या महिन्यात उजवा हब डाव्यापेक्षा जवळजवळ ३० अंशांनी जास्त आला. गॅरेजमध्ये उघडला तेव्हा सील फाटून बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर गेलेलं. तसंच चालवत राहिले असते तर बेअरिंग जाम झालं असतं, आणि ते कॅम्परमध्ये बसून कळलं नसतं.

रिव्हर्सबद्दल लोक सांगतात त्यात अतिशयोक्ती नाही. कार चढवलेली असताना मागे जायचंच नाही. साध्या ट्रेलरला एकच जोड असतो. इथे एक बॉलवर आणि दुसरा फिरत्या पाटावर. मागे ढकललं की दोन्ही एकदम दुमडतात आणि डॉलीचं मडगार्ड कारच्या दारात घुसतं. चौथ्या प्रवासात पुढे बंद निघालेल्या एका अरुंद रस्त्यात शिरलो. कार उतरवली, डॉली सोडवून हाताने फिरवली, कॅम्पर वळवला, पुन्हा सगळं जोडलं. ४० मिनिटं गेली, तीही दोघं होतो म्हणून. आता शंका असली की एक जण आधी चालत जाऊन बघून येतो. पेट्रोल पंपावर आत शिरण्याआधीच बाहेर पडायची वाट ठरवते. रिकामी डॉलीही मागे घेताना त्रास देते, कारण मागे ढकलल्यावर सर्ज ब्रेक लागतात. माझ्या डॉलीत रिव्हर्सच्या दिव्याच्या तारेवर चालणारं, मागे जाताना ब्रेक लागू न देणारं झडपेचं कुलूप आहे, तरी डॉली इतकी आखूड आहे की कॅम्परमागे दिसतच नाही. सपाट जागेवर सोडवून दोघांनी ढकलणं सोपं पडतं.

वळणं मोठी घ्या. कार आतल्या बाजूने कापत येते. अगदी तोकड्या वळणात मडगार्ड कारच्या दाराच्या खालच्या कडेला लागतं; आमच्या कारवर तो ओरखडा अजून आहे.

चढवण्याचं काम पहिल्यांदा भीतीदायक वाटतं, पण तेच सर्वांत लवकर जमतं. डॉली आधी कॅम्परला जोडलेली हवीच, जमीन सपाट, तिन्ही एका रेषेत. सांगणारा माणूस बाजूला उभा राहतो, समोर नाही. चाकं पाटाच्या पुढच्या अडथळ्याला टेकेपर्यंत कार अगदी हळू घ्यायची. नंतर पाटाची पिन बसली का ते बघायचं. पुढचा बंपर खाली असलेल्या गाड्या चढायच्या फळीवर घासतात. पुढचं तोंड वर गेल्यामुळे मागचा बंपर आणि सायलेन्सर खाली येतात, म्हणून उंच गतिरोधकांवर तिरकं न जाता सरळ आणि हळू.

दिव्यांकडे दुर्लक्ष करू नका. डॉलीचे दिवे कारच्या खाली झाकले जातात आणि कारचे स्वतःचे दिवे बंद असतात. मागून येणाऱ्याला तुमचा ब्रेक आणि इंडिकेटर दिसायला कारच्या मागे वेगळे दिवे लावावे लागतात. चुंबकाचे दिवे लोखंडी पत्र्यावर बसतात, प्लॅस्टिकच्या किंवा अॅल्युमिनियमच्या दारावर नाहीत. आमचं मागचं दार प्लॅस्टिकचं, म्हणून पट्ट्याने बांधतो.

वेग मी आता ताशी ८० किलोमीटरच्या वर नेत नाही. एकदा आडव्या वाऱ्यात मोठा ट्रक ओलांडून गेला आणि मागचं सगळं डोलायला लागलं. स्टिअरिंग उलटं न फिरवता सरळ धरलं, पाय अॅक्सिलरेटरवरून हळूहळू उचलला, ब्रेक दाबला नाही. काही सेकंदांत शांत झालं. तेव्हा मी ९५ वर होते आणि तेच कारण होतं.

एक उणीव: स्टेपनी सोबत मिळत नाही. डॉलीच्या टायरचा आकार ना कारशी जुळतो ना कॅम्परशी. मी वेगळी घेतली, आणि कारचा जॅक डॉलीखाली बसतो का तेही घरीच करून बघितलं. बसला नाही, म्हणून दुसरा घेतला. चाकांचे नट पहिल्या ८० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासा. माझे दोन सैल होते.

डॉली मी ठेवणार आहे. पुढच्या प्रवासाआधी डाव्या हबचं सील बदलून दोन्हीकडे नवं ग्रीस भरायचंय, आणि डाव्या पट्ट्याचीही कड आता थोडी पांढरी पडलीय, तोही बदलून घेते.