‘स्टाफ कोट्या’तलं सिम: सूट किती आणि नाड्या कोणाच्या हातात?

नाशिकच्या सातपूर-अंबडला शिफ्ट सुटायच्या वेळी गेटबाहेर छत्री लावून बसलेला पोरगा असो, की एमजी रोडच्या मोबाईल मार्केटमधला दुकानदार, बोली एकच: "साहेब, स्टाफ कोट्यातला प्लॅन आहे, बाहेर मिळणार नाही." या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. टेलिकॉम कंपनीच्या स्वतःच्या नोकरदाराला मिळणारं सिम, त्याच्या ओळखीवर मित्र-नातेवाइकांना मिळणारा रेफरल प्लॅन, आणि एखाद्या कारखान्यानं एकगठ्ठा घेतलेला कॉर्पोरेट प्लॅन. छत्रीखाली बहुतेक वेळा तिसराच असतो. तो वाईट नाही, पण नाव बदलून विकला की माणूस चुकीचे प्रश्न विचारतो.

पैशाचा हिशोब आधी करू. पोस्टपेडचा आकडा जीएसटी सोडून सांगतात, प्रीपेडचा जीएसटी धरून. महिन्याच्या ३४९ रुपये कॉर्पोरेट पोस्टपेड भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागला की ४११ रुपये ८२ पैसे होतात, वर्षाचे ४,९४१ रुपये ८४ पैसे. ३४९ चाच २८ दिवसांचा प्रीपेड वर्षात १३ वेळा मारला तर ४,५३७. म्हणजे सवलतीतला प्लॅन वर्षाला ४०० रुपयांनी महाग पडला! तोच २९९ ला मिळाला तर जीएसटीसह ३५२ रुपये ८२ पैसे, वर्षाचे ४,२३४ च्या आसपास. वाचले ३०३ रुपये, महिन्याला पंचवीस. नाशकात तेवढ्यात मिसळ येत नाही, जास्तीचे पाव येतील. ३४९ च्या प्रीपेडशी तुलना असेल तर ३२० च्या वरचं भाडं निव्वळ स्वस्त म्हणून घेऊ नका. रोजच्या डेटा मर्यादेची कटकट नको किंवा दर २८ दिवसांनी रिचार्ज लक्षात राहत नाही, ही कारणं मात्र रास्त आहेत.

मग कारखाने हे प्लॅन का घेतात? बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर असेल तर भरलेला कर इनपुट क्रेडिट म्हणून परत धरता येतो. १८ टक्क्यांचा तो फायदा कंपनीचा, तुमचा नाही.

आता खरा मुद्दा. कॉर्पोरेट सिमचे तीन प्रकार चालतात आणि विकणाऱ्याला ते तोंडपाठ असतात: सीओसीपी, सीओआयपी आणि आयओआयपी. पहिल्यात नंबर तुम्ही काम करता त्या कंपनीचा, बिलही तीच भरते. दुसऱ्यात नंबर कंपनीचा, बिल तुम्ही भरता. तिसऱ्यात नंबरही तुमचा, बिलही तुमचं, फक्त भाडं कंपनीच्या सवलत कोडमुळे कमी. स्वतःचा जुना नंबर द्यायचा असेल तर आयओआयपी सोडून कशालाही हो म्हणू नका. सर्वांत घातक मधला. दर महिन्याला पैसे आपल्या खात्यातून जातात, म्हणून नंबर आपलाच वाटतो. नोकरी सुटली की एचआर यादीतून नाव काढतं, नंबर बंद होतो, आणि बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, यूपीआय सगळं एका दुपारी अडकतं. स्टोअरमध्ये कितीही हुज्जत घाला, कागदोपत्री मालक कंपनी असते.

यातून सुटायचा रस्ता आहे, पण तो राजीनाम्याआधी धरायचा. कंपनीच्या लेटरहेडवर, अधिकृत सहीवाल्याच्या सहीनं, नंबर तुमच्या नावावर करायला हरकत नाही असं पत्र घ्या. थकबाकी शून्य करा. मग आधार घेऊन टेलिकॉम कंपनीच्या स्टोअरमध्ये नाव बदलून घ्या. हे काम गल्लीतल्या रिचार्जच्या दुकानात होत नाही. नावबदल चालू असताना पोर्टचा, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या टेलिकॉम कंपनीकडे नेण्याचा, मेसेज टाकू नका, त्यासाठी लागणारा यूपीसी कोड नाकारला जातो. कंपनीच्याच नावावर असताना पोर्ट करायचं तर अधिकारपत्र लागतं. एका पत्रावर १०० पर्यंत नंबर चालतात.

पोर्टिंगची मुदतही नाशिककरांनी नीट समजून घ्यावी. नाशिक महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये, म्हणजे मोबाईल सेवेच्या विभागात, येतं, मुंबई वेगळं सर्कल आहे. कारखाना अंबडला पण हेड ऑफिस मुंबईला, असं असेल तर सिम अनेकदा मुंबई सर्कलचं निघतं. रोमिंगचे पैसे लागत नसल्यानं ते कोणाला जाणवत नाही. जाणवतं ते पोर्ट करताना: सर्कलच्या आत ३ कामाचे दिवस, सर्कल बदललं किंवा नंबर कॉर्पोरेट असला तर ५. पुण्याचं हेड ऑफिस असेल तर ही भानगड नाही. १९०० वर मेसेज टाकल्यावर येणारा ८ अक्षरांचा यूपीसी ४ दिवस चालतो, आणि नंबर किमान ९० दिवस जुना असावा लागतो. सिम बदलून घेतल्यावर पहिले ७ दिवस यूपीसी मिळत नाही, हा नियम १ जुलै २०२४ पासूनचा.

मित्रांसाठीच्या रेफरलचं काय? अमेरिकेत स्प्रिंट कंपनीचा ‘सेरो’ प्लॅन याच जातीचा होता: नोकरदाराच्या ओळखीवर महिना ३० डॉलरला ५०० मिनिटं आणि अमर्याद डेटा. नोकरदारांचे ईमेल पत्ते लोकांत फिरू लागले आणि ओळख नावापुरती उरली. आपल्याकडे असं काही करायला जाऊ नका. मित्राच्या कंपनीचं आयकार्ड एडिट करून प्लॅन घेणं म्हणजे किरकोळ चलाखी नव्हे. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये फसवणुकीनं किंवा तोतयेगिरीनं सिम मिळवण्याला ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. "फक्त फोटो द्या, लेटरचं आम्ही बघतो" असं कोणी म्हणालं की उठा. शिवाय एका नावावर महाराष्ट्रात जास्तीत जास्त ९ सिम चालतात. मित्रमंडळींसाठी स्वतःच्या आधारवर सिम काढून देणाऱ्यानं सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावरच्या नंबरांची यादी एकदा काढून बघावी. नवीन सिम घेतल्यावर आपला नंबर तिथे दिसतो का, तेही बघा. नसेल तर स्टोअरमध्ये मालकाचं नाव विचारा.

बिलात गोंधळ ठरलेल्या दोन जागी होतो. भाडं आगाऊ लावणाऱ्या कंपनीचं पहिलं बिल मोठं येतं, कारण मधल्या दिवसांचं आणि पुढच्या महिन्याचं भाडं एकत्र असतं. ती फसवणूक नाही. दुसरी जागा म्हणजे सवलतीचा कोड. तो चढलाच नसेल तर पूर्ण भाडं लागतं. बिलात सूट वेगळ्या ओळीत दिसते का ते पहिल्याच महिन्यात बघा आणि सूट किती महिन्यांची, हे तोंडी न घेता मेसेजवर मागा.

सरकारी नोकरदार आणि निवृत्तांनी छत्रीकडे जाण्याआधी बीएसएनएलची सूट विचारावी. ती १० टक्के आहे, पण लँडलाइन-ब्रॉडबँडवर. मोबाईलसाठी मात्र कोणताही कोटा नसलेल्या माणसाच्या हातातही एक पत्ता असतो. पोर्टचा मेसेज टाकला की थांबवण्यासाठी फोन येऊ शकतो आणि त्यात जाहिरातीत नसलेला दर मिळू शकतो. अशा निवडक ऑफर दूरसंचार नियामक ट्रायला कळवा, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२० मध्ये कंपन्यांना सांगितलं होतं. ऑफर पटली तर यूपीसी कुठेही देऊ नका, चौथ्या दिवसानंतर तो आपोआप निकामी होतो. आणि नव्या कंपनीकडे जायचंच असेल तर आधी तिचं साधं सिम घेऊन शॉप फ्लोअरवर, पत्र्याच्या शेडखाली, आपल्या मशीनजवळ उभं राहून एक कॉल लावून बघा.