१९५८ ची रोडस्टर सायकल, आठ महिने चालवून झाल्यावर

आठ महिने झाले ही सायकल घेऊन आणि रोज एकदा तरी बाहेर काढतेच, त्यामुळे आता मनापासून लिहिता येईल. काळी रोडस्टर, म्हणजे ताठ बसून चालवायची जुन्या धाटणीची जड सायकल, २८ इंची चाकं, रॉड ब्रेक (केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे), पूर्ण बंद चेनकव्हर, स्प्रिंगवाली लेदर सीट आणि मागे स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा एडब्ल्यू मॉडेलचा हब, म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, गिअर त्याच्याच आत असतात. आणली तेव्हा हबवर तेलाचा आणि धुळीचा इतका थर होता की खाली काय आहे तेच कळत नव्हतं, रॉकेलच्या फडक्याने चोळत बसले तर हळूहळू आकडे वर आले, ५८ आणि बाजूला ३. म्हणजे मार्च १९५८! साल-महिना हबवरच ठोकलेला असतो यांच्या. त्या क्षणाला जीव जडला तो जडलाच.

चालवायला कशी आहे म्हणाल तर एकदम निवांत. वजन वीस किलोच्या आसपास, त्यामुळे सुरुवातीला जरा जोर लागतो पण एकदा लय सापडली की पळत राहते. हँडल आपल्याकडे वळलेलं, पाठ ताठ, मान वर, त्यामुळे रस्ता, झाडं, समोरून येणारी माणसं सगळं नीट दिसतं, तासभर चालवली तरी मनगटं आणि मान अजिबात दुखत नाही. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, बराच तिरका आहे आणि दोन चाकांमधलं अंतरही जास्त, म्हणून खड्ड्यातला दणका हातापर्यंत येईस्तोवर निम्मा होतो.

आणि तो हब! दुसरा गिअर म्हणजे सरळ, मागचं चक्र फिरेल तेवढंच चाक फिरतं, पहिला पाव भागाने हलका, तिसरा एक तृतीयांशाने जड, बस, एवढंच, आणि मला एवढंच पुरतं. सगळी चक्रं हबच्या पोटात, चिखल-धुळीचा संबंध नाही. गाडी थांबलेली असताना पण गिअर पडतो, चढावर मध्येच थांबायला लागलं तर याची किंमत कळते. दुसऱ्या-तिसऱ्यात पॅडल मारताना बारीक टिकटिक चालू असते आणि पहिल्यात टाकला की एकदम शांत. सकाळी रस्ता रिकामा असताना ती टिकटिक ऐकत जायचं यासारखं सुख नाही.

आता ब्रेक. रबर रिमला आतून वर दाबलं जातं आणि रिम स्टीलची, कोरड्यात ठीक, पावसात मात्र जवळजवळ लागतच नाही. एकदा भुरभुर चालू असताना उतारावर दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले तरी गाडी वळण सोडून गवतात गेली, लागलं नाही पण हात थरथरत होते. आता ओल्या रस्त्यावर खूप आधीपासून हलके ब्रेक धरते, रिम पुसली जाते मग जरा पकड येते. जोराचा पाऊस असेल तर काढतच नाही.

घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाच. एक, गिअरची केबल. दुसऱ्या गिअरमध्ये असताना हबमधून येणाऱ्या छोट्या साखळीच्या दांडीची कड एक्सलच्या टोकाशी बरोबर जुळली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये पॅडल रिकामं फिरतं, आणि उभं राहून जोर लावत असाल तर सरळ पडाल. दोन, क्रँकच्या (पॅडलच्या दांड्यांच्या) कॉटर पिना, म्हणजे त्या दांड्या घट्ट धरणाऱ्या पाचरीसारख्या खिळ्या. माझी प्रत्येक फेऱ्याला कट-कट करायची, आधी कोणीतरी ढिली पिन तशीच ठोकून ठेवली होती, नवीन नीट बसवली आणि आवाज गेला. सुट्या भागांची काळजी करू नका, एडब्ल्यू १९३६ पासूनचा आहे आणि इतका बनलाय की एका जुन्या हबचे भाग दुसऱ्यात सहज बसतात. देखभाल म्हणजे हबवरचं टोपण उघडून महिन्यातून एकदा चमचाभर पातळ तेल, आणि लेदर सीट भिजू द्यायची नाही. सीट पहिले काही आठवडे दगडासारखी वाटते, मग आपल्या हाडांचा आकार घेते, नंतर दुसऱ्या कुठल्याही सीटवर बसवत नाही.

वेगासाठी घेऊ नका, फिरण्यासाठी जरूर घ्या. मी आता पुढच्या चाकासाठी ३२ तारांचा जुना डायनोहब, म्हणजे आतच दिव्याची वीज तयार करणारा हब, शोधतेय, आत मॅग्नेट कधी बाहेर न काढलेला हवा, एकदा काढला की त्याची ताकद जाते आणि दिवा मिणमिणतो. कोणाकडे असेल तर सांगा.