कीबोर्ड रिपेअरला टाकताय? आधी डेमो गाणं लावून बघा, आमच्या मंडळाचे ४८०० गेले

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची भजनी मंडळं आणि ऑर्केस्ट्रात वाजवणारी पोरं, हे जरा नीट वाचा ओ. गणपती जवळ आले की सगळ्यांनाच घाई असते आणि त्या घाईवरच काही रिपेअरवाले कमावतात.

आमच्या मंडळाचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड. खानापूर तालुक्यातला पाऊस तुम्हाला माहितीच आहे, चार महिने घरात सगळं दमट. मधल्या सप्तकातल्या काही पट्ट्या लागेनात, एक-दोन तर हळू दाबल्या तरी एकदम मोठ्यानं वाजायच्या. बेळगावात एकाकडं नेला. त्यानं आमच्यासमोर चालू केला, डेमो गाणं (कीबोर्डात आधीच भरलेलं असतं ते) लावलं, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वच्छ वाजलं, आणि तरी म्हणतो, "मामा, मदरबोर्ड गेलाय, मुंबईहून मागवायला लागतो." ५५०० सांगितले, ४८०० वर आला. पैसे फोनवरून घेतले, पावती मागितली तर बोर्डाबरोबर देतो म्हणाला, ती शेवटपर्यंत दिलीच नाही. जुना बोर्ड परत द्या म्हटलं तर "कंपनीला पाठवला की."

कीबोर्ड वाजायला लागला, गणपती पार पडले, आणि दिवाळीच्या आत त्याच पट्ट्या परत गप्प. वर स्पीकरमधून घर्रर्र आवाज, तो आधी कधीच नव्हता.

मग निपाणीतल्या एका ओळखीच्या कारागिरानं आमच्यासमोर खोलला. बोर्डावर जुनी धूळ जशीच्या तशी, कनेक्टरवरचा कंपनीचा गोंदसुद्धा हललेला नाही. बदलला कुठला बोर्ड? प्रत्येक पट्टीखाली रबर असतं, त्याच्या आत काळ्या कार्बनच्या दोन टिकल्या. पट्टी दाबली की दोन्ही टिकल्या एकापाठोपाठ टेकतात, मधला वेळ मोजून कीबोर्ड ठरवतो हळू वाजवायचं का जोरात. टिकलीवर धूळ नाहीतर बुरशी बसली की पट्टी एकतर मुकी होते नाहीतर ओरडते, म्हणजे आमचं जे झालं होतं तेच. बेळगाववाल्यानं नुसतं वरवर पुसून दिलं होतं, अर्धी रबरं काढलीच नव्हती. निपाणीवाल्यानं सगळी रबरं काढली, टिकल्या आणि रबराखालच्या सर्किटवरचे कार्बनचे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले, पूर्ण वाळू दिलं आणि ३५० रुपये घेतले. पेट्रोल, थिनर घालू नका म्हणाला, कार्बनच उडतो.

घर्रर्र कशाचं, तर अडॅप्टर बदललेला! आमचा ओरिजिनल काढून घेऊन सेम दिसणारा डुप्लिकेट हातात दिला होता. याचा मला बोर्डापेक्षा जास्त राग आलाय, कारण चुकीच्या अडॅप्टरनं चांगला कीबोर्ड जळू शकतो. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलना १२ व्होल्ट लागतात आणि पिनच्या आत प्लस असतो, कॅसिओच्या जुन्या ९ व्होल्टवाल्यांना आत मायनस. पिन बसली म्हणून चालतो असं नाही, कीबोर्डाच्या मागं छापलेलं चिन्ह आणि व्होल्ट जुळवूनच लावा, आणि रिपेअरला देताना अडॅप्टरचा फोटो काढून ठेवा, जमलं तर तो देऊच नका.

डेमोचं का म्हणतोय, तर ते गाणं पट्ट्यांमधून येत नाही, आतल्या आत वाजतं. म्हणजे डेमो नीट वाजला तर आवाज तयार करणारा भाग, अँप्लिफायर, स्पीकर सगळं ठीक, दोष बहुतेक पट्ट्यांकडचा. ओळीनं किंवा ठराविक अंतरानं पट्ट्या गेल्या असतील तर रिबन केबल (आतली चपटी वायर) बघायला सांगा, त्यालाही सहसा अख्खा बोर्ड लागत नाही. डेमोचाच आवाज येत नसेल तर हेडफोनच्या जागी पिन घालून काढून बघा, तिथला आतला पत्रा अडकला की स्पीकर बंद पडतात.

आम्ही त्याला परत भेटलो तेव्हा "तुम्हीच पाण्यात भिजवला" असं सगळ्या दुकानासमोर म्हणाला. मंडळातल्या म्हाताऱ्या माणसांना असं बोललेलं मला सहन झालं नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, पैसे पाठवल्याची फोनवरची नोंद आणि आतल्या बोर्डाचे फोटो तयार आहेत. तिथं नाही मिटलं तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. तुमच्यापैकी कुणाचा 'मदरबोर्ड' असाच बदलला असेल तर कीबोर्ड दुसऱ्याकडं खोलताना समोर बसा आणि खोलल्या खोलल्या, काही पुसायच्या आधी, फोटो काढा.