संचातले यंत्र बरे, पण मोगऱ्याच्या बाटलीत मोगरा नाही

वडिलांना उदबत्तीच्या धुराने खोकल्याची उबळ येते, त्यामुळे धुराविना घर सुगंधी ठेवण्याचा उपाय मी बरेच दिवस शोधत होते. एप्रिलमध्ये ऑनलाइन एक संच मागवला. त्यात 300 मिलीचा अल्ट्रासॉनिक डिफ्यूझर आणि गवती चहा, निलगिरी, लव्हेंडर, गुलाब, मोगरा व चंदन अशा 10 मिलीच्या सहा बाटल्या होत्या. किंमत 1,499 रुपये होती आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘100 टक्के शुद्ध इसेन्शियल ऑइल’, म्हणजे वनस्पतीतूनच काढलेले सुगंधी तेल, असे छापलेले होते. चार महिने वापरल्यानंतर यंत्राबद्दल आणि तेलांबद्दल माझे मत अगदी वेगवेगळे झाले आहे.

यंत्राबद्दल फारशी तक्रार नाही. पाण्याखालची छोटी चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि पाण्याचे व तेलाचे सूक्ष्म तुषार हवेत सोडते. त्यात उष्णता वापरलेली नसल्यामुळे तेल जळत नाही. मेणबत्तीवर ठेवायच्या चिनीमातीच्या बर्नरमध्ये पाणी आटले की तेलाला जो करपट वास येतो, तो येथे येत नाही. पाणी संपताच यंत्र आपोआप बंद होते. मात्र आमच्या बोअरच्या जड पाण्यातील क्षार तुषारांबरोबर बाहेर पडून टीव्हीच्या काळ्या टेबलावर पांढरी भुकटी साचू लागली, तेव्हापासून मी फिल्टरचे पाणीच वापरते. आठवड्यातून एकदा कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर घेऊन चकती हलक्या हाताने पुसावी लागते, अन्यथा तुषार मंदावतात.

तेलांची गोष्ट निराळी आहे. गुलाबाचे एक किलो अस्सल तेल मिळवण्यासाठी साधारण 3 ते 4 हजार किलो फुले लागतात, आणि चंदनाच्या गाभ्यात पुरेसे तेल साठायला झाडाची कित्येक वर्षे जावी लागतात. हे ठाऊक असलेल्या माणसाला संचाची किंमत पाहूनच शंका यायला हवी होती. मला ती आली नाही, हा माझा दोष. मोगऱ्याचे तर त्याहून विशेष आहे. हे फूल इतके नाजूक असते की केवळ वाफेच्या ऊर्ध्वपातनाने त्याचा खरा सुगंध हाती लागत नाही. तो द्रावकाने काढावा लागतो, किंवा उत्तर प्रदेशातल्या कनोजच्या जुन्या पद्धतीप्रमाणे तांब्याच्या देगेत फुले उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवावी लागते, आणि मग जे तयार होते त्याला आपण अत्तर म्हणतो. संचातल्या मोगऱ्याच्या बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तेल काढण्याची पद्धत वा बॅच क्रमांक यांपैकी काहीही नव्हते. शुद्ध सुगंधी तेल हवेत उडून जाते, म्हणून टीपकागदावर एकेक थेंब टाकून पाहिला, तर दुसऱ्या दिवशी गवती चहाचा डाग जवळजवळ नाहीसा झाला होता आणि मोगऱ्याचे तेलकट कडे तसेच राहिले होते. (चंदन आणि वाळा ही तेले मुळातच दाट असल्यामुळे त्यांना ही परीक्षा लावू नये.) विक्रेत्याला विचारले, तेव्हा तीन तेले ‘नेचर आयडेंटिकल’ आहेत असे उत्तर आले. याचा अर्थ इतकाच की त्यांतील सुगंधी रेणू निसर्गातल्या रेणूंसारखे असतात, पण तयार कारखान्यात होतात. हे बेकायदा आहे असे मी म्हणत नाही, परंतु मग खोक्यावरची ती ठळक अक्षरे कशासाठी? परत पाठवण्याची मुदत सात दिवसांची होती आणि मी टीपकागद काढला आठव्या दिवशी.

गवती चहाचे तेल मात्र अस्सल वाटले. त्याचा लिंबासारखा तीव्र वास सिट्राल या घटकामुळे येतो. स्वयंपाकघरातला तळणीचा वास घालवण्यासाठी त्याचे तीन थेंब पुरतात. निलगिरी आणि लव्हेंडर बरे आहेत, इतकेच.

गुलाबाची हौस भागवण्यासाठी मी पुढे रोशा गवताचे तेल स्वतंत्रपणे विकत घेतले, आणि या साऱ्या खटाटोपात मिळालेली सर्वांत चांगली गोष्ट तीच. हे गवत आपल्या खानदेशातले. एकोणिसाव्या शतकात तेथे त्याचे तेल गाळले जाई, मुंबईहून परदेशी जाई, आणि तुर्कस्तानात गुलाबाच्या तेलात भेसळीसाठी वापरले जाई, कारण दोहोंत जिरॅनिऑल हा घटक असतो. एकेकाळी भेसळीत खपलेले तेल आज स्वतःच्या नावाने, नकली गुलाबापेक्षा अधिक प्रामाणिकपणे माझ्या खोलीत दरवळते. त्याच्या तीन थेंबांत वाळ्याच्या तेलाचा एक थेंब घातला की वास जमिनीवर येतो. वाळ्याचे दाट तेल एकटे घातले, तर ते चकतीवर चिकटून बसते.

वापराबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. भरलेल्या टाकीत पाच-सहा थेंब आणि अर्धा तास पुरेसा आहे. नाक वासाला सरावते म्हणून माणूस थेंब वाढवत जातो आणि मग पाहुण्यांचे डोके दुखते. घरात मांजर किंवा तान्हे मूल असल्यास निलगिरीचे तेल यंत्रात घालूच नये, आणि दमा असलेल्या व्यक्तीसाठी कोणतेही तेल वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे; वडिलांच्या खोलीत आम्ही यंत्र ठेवत नाही.

जुलैत पाऊस लागल्यावर भिंतींना ओल आणि कपाटाला बुरशी असताना हवेत आणखी पाणी सोडणे मला पटले नाही, म्हणून यंत्र बंद केले. त्याऐवजी कोरी, न रंगवलेली पणती घेऊन तिच्यात रोशाचे चार थेंब जिरवले. माती तेल शोषून घेते आणि सावकाश सोडते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तो मंद सुगंध दोन दिवस टिकला, आणि खर्च आला पाच रुपये. यंत्राला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन आणि संचातल्या तेलांना दीड. ज्यांना यंत्र हवेच असेल त्यांनी ते तेलांशिवाय, सुटे घ्यावे, आणि तेल घेताना गडद काचेची बाटली, शास्त्रीय नाव आणि बॅच क्रमांक पाहूनच पैसे द्यावेत. मोगरा मी दारासमोरच्या फुलवाल्याकडून दहा रुपयांचा आणते.