आमच्या गावचा हौशी ऑर्केस्ट्रा: सीझन तिकीट घ्यावं का?

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. घ्या. चार कार्यक्रमांचे ४८ पौंड, सुटं घेतलं तर दर वेळी १५, अठरा वर्षांखालच्या मुलांना फुकट. बसायचं उजवीकडे, चेलोवाल्यांच्या (चेलो म्हणजे बसून वाजवायचं मोठं व्हायोलिन) समोर. घरात लहान मूल नसेल तर डिसेंबरचा कार्यक्रम खुशाल बुडवा. आणि मध्यंतरात रॅफलची, म्हणजे सोडतीची, तिकिटं घेऊ नका, तेवढेच पैसे देणगी म्हणून द्या. का, ते सविस्तर सांगते.

आम्ही राहतो बर्कशायरमध्ये. ऑर्केस्ट्राचं नाव मुद्दाम देत नाही. आमची शेजारीण त्यात व्हायोलाच्या (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं तंतुवाद्य) दुसऱ्या स्टँडवर बसते, आणि मी पुढे ट्रम्पेटबद्दल जे लिहिणार आहे त्यामुळे मंगळवारच्या तालमीत तिची पंचाईत व्हायला नको. शिवाय नावाने फारसं अडत नाही. इंग्लंडात असे हौशी ऑर्केस्ट्रे गावोगाव आहेत. ‘मेकिंग म्युझिक’ ही अशा मंडळींची देशभरची संघटना १९३५ पासून चालू आहे, तिच्या वेबसाइटवर तुमच्या जवळचा गट सापडेल.

माझ्याबद्दल एवढंच, की मी संगीतातली जाणकार नाही. कोल्हापूरला लहानपणी पेटी शिकले, ती दहावीच्या वर्षात सुटली ती सुटलीच. धंद्याने चार्टर्ड अकाउंटंट. त्यामुळे या परीक्षणात सूर कमी आणि हिशेब जास्त निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

कार्यक्रम होतात गावातल्या जुन्या चर्चमध्ये. बाकं लाकडी आणि पाठ ताठ, उशी घरून आणणारे लोक शहाणे. नोव्हेंबरात कोट काढायची गरज पडत नाही. दगडी भिंतींमुळे आवाज घुमतो. व्हायोलिनला हे मानवतं, पण पितळी वाद्यं एकदम सुरू झाली की सगळा गलका होतो. जमीन सपाट असल्यामुळे सहाव्या रांगेच्या मागे फक्त समोरच्यांच्या टोप्या आणि कंडक्टरचे हात दिसतात. म्हणून म्हटलं, उजवीकडे पुढे बसा.

सीझनची सुरुवात नोव्हेंबरात द्वोर्झाक या चेक संगीतकाराच्या आठव्या सिंफनीने झाली. १८८९ साली लिहिलेली, आणि ऐकायला इतकी मोकळी की पहिल्यांदा येणाऱ्याला हीच ऐकवावी. सुरुवातीचा उदास सूर चेलोंचा आहे, मग बासरी एकटीच पक्ष्यासारखी बोलते. बासरीवाल्या बाई गावातल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवतात. त्यांनी ती जागा इतकी सहज काढली की माझ्या पुढच्या बाकावरचे आजोबा मान डोलवायला लागले. आपल्याकडच्यासारखी खुली दाद इथे देत नाहीत, पण मान काही कुणाचं ऐकत नाही.

चौथा भाग ट्रम्पेटच्या ललकारीने उघडतो. दोन ट्रम्पेट, बाकी सगळे गप्प, लपायला जागाच नाही. पहिले काही स्वर ठणठणीत लागले आणि मग वरचा एक स्वर फाटला. चांगलाच फाटला. वाजवणाऱ्या गृहस्थांचे कान लाल झालेले मला बसल्या जागेवरून दिसले. कंडक्टरबाईंनी भुवईसुद्धा हलवली नाही, पुढच्या ठोक्याला डावा हात चेलोंकडे वळवला आणि चेलोंनी ती धून अशी उचलली की फाटलेला स्वर मागे राहिला. रेकॉर्डिंगमध्ये हे बघायला मिळत नाही. तिथे सगळं आधीच सांधलेलं असतं. इथे चूक होते, आणि चाळीस-पन्नास माणसं ती सावरताना दिसतात. १५ पौंडांत मला हे स्वस्त वाटतं.

ज्यांना निर्दोष वादन हवंय त्यांनी लंडनला जावं, आणि तेही महाग असतं असं नाही. उन्हाळ्यात प्रॉम्समध्ये (लंडनचा मोठा संगीत महोत्सव) उभं राहून ऐकलं तर तिकीट आमच्या चर्चपेक्षा कमी पडतं. रेल्वेचं भाडं मात्र धरा.

मध्यंतरात चर्चच्या मागच्या खोलीत मोठ्या स्टीलच्या बंबातून चहा. केक घरी केलेले, लिंबाचा संपायच्या आत गाठा. ट्रोम्बोनवाले गृहस्थ काळ्या सूटमध्ये गुलाबी रॅफल तिकिटांचं पुस्तक घेऊन बाकांमधून फिरतात आणि पाच पौंडांच्या पट्टीला कुणी नाही म्हणू शकत नाही, कारण ते तुमच्याजवळ उभे राहून हवापाण्याच्या गप्पा सुरू करतात. बक्षिसं म्हणजे वाइनची बाटली, बिस्किटांचा डबा, कुणाच्या तरी घरून आलेला आंघोळीच्या साबणांचा न उघडलेला संच. त्यातला एक संच तीन कार्यक्रम फिरत होता अशी माझी पक्की समजूत आहे.

आता पैशांचं. इथे येईपर्यंत मला वाटायचं की वाजवणाऱ्यांना थोडंफार मानधन मिळत असेल. उलटं आहे. वाजवणारेच दर वर्षी वर्गणी भरतात. मानधन मिळतं कंडक्टरला, एकल वादकाला, आणि एखादं वाद्य कमी पडलं तर बाहेरून बोलावलेल्याला. बासून आणि हॉर्न वाजवणारे हौशी लोक कमी, त्यामुळे तेच बहुतेक वेळा उसने येतात. बाकी खर्च चर्चच्या आणि तालमीच्या हॉलच्या भाड्याचा, विम्याचा, तिंपनी (मोठे नगारे) आणायच्या व्हॅनचा आणि सुरावटींच्या कागदांचा.

हा शेवटचा खर्च मला सगळ्यात मजेदार वाटला. संगीतकार वारल्यावर सत्तर वर्षं इथे त्याचा कॉपीराइट चालतो. द्वोर्झाक १९०४ साली गेला, त्याचे कागद इंटरनेटवरून फुकट उतरवून छापता येतात. एल्गार आणि होल्स्ट हे इंग्रज संगीतकार दोघंही १९३४ साली गेले, तेही मोकळे. पण वॉन विल्यम्स गेला १९५८ मध्ये, म्हणजे २०२८ संपेपर्यंत त्याचं वाजवायचं तर पैसे मोजायचे. जूनच्या कार्यक्रमात त्याचं ‘द लार्क असेंडिंग’ होतं. कार्यक्रम ठरवताना कमिटीत सुरांइतकीच चर्चा या तारखांची होते, असं शेजारीण सांगते. माझा कमिटीबद्दलचा आदर तेव्हापासून वाढला.

तिकिटांतून सगळा खर्च भागत नाही, हे खजिनदार दर कार्यक्रमाला उभं राहून सांगतात. यंदा भर होती जुन्या तिंपनी बदलण्यावर. पत्र्याला पोचे आलेत, आणि पेडल अडकतं म्हणून वाजवणारी मुलगी सूर बदलताना खाली वाकून हाताने फिरवते. हे सांगताना त्यांनी तिला उभं केलं, तिने ते करून दाखवलं, लोक हसले आणि बादलीत नोटा पडल्या. गणपतीच्या वर्गणीला आलेली पोरं ‘काकू, यंदा मोठा देखावा आहे’ म्हणतात त्यापेक्षा ही पद्धत मला पटली. काय हवंय ते डोळ्यांसमोर होतं, आणि जूनमध्ये कार्यक्रमाच्या पत्रिकेवर मागच्या पानावर जमाखर्च छापून आला. तो मी अर्थातच बेरीज करून पाहिला. जुळला.

पण देणगी मागण्याची त्यांची रीत अर्धवट आहे, आणि माझी तक्रार इथेच. रॅफलवर सगळा जोर, आणि गिफ्ट एडचा फॉर्म मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यात, दाराजवळ, कोटांच्या खाली. इथे नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींनी तरी हे नीट समजून घ्यावं. तुम्ही इथे कर भरत असाल आणि नोंदणी झालेल्या चॅरिटीला १०० पौंड देणगी देऊन गिफ्ट एडच्या फॉर्मवर सही केली, तर संस्थेला सरकारकडून आणखी २५ मिळतात. तुम्ही ४० टक्क्यांच्या पट्ट्यात असाल, आणि आयटीतले बरेच जण असतात, तर वरून २५ पौंड तुम्हाला परत मागता येतात, सेल्फ असेसमेंटच्या करविवरणात दाखवून किंवा कर खात्याला टॅक्स कोड बदलायला सांगून. म्हणजे तुमच्या खिशातून गेले ७५, संस्थेला पोचले १२५. मला इथल्या करपद्धतीतली ही एक गोष्ट मनापासून आवडते.

रॅफलच्या तिकिटावर यातलं काहीच मिळत नाही, कारण ती देणगी नव्हे, बक्षिसाच्या आशेने घेतलेलं तिकीट. कार्यक्रमाच्या तिकिटावरही नाही. बादलीत टाकलेल्या रोख पैशांवर मिळू शकतं, फॉर्मशिवायसुद्धा. ३० पौंडांपर्यंतच्या रोख किंवा कार्ड टेकवून दिलेल्या छोट्या देणग्यांसाठी वेगळी योजना आहे, वर्षाला एकूण ८,००० पौंडांपर्यंत. मात्र तिचा फायदा घ्यायला संस्थेकडे फॉर्मवाल्या देणग्याही काही प्रमाणात असाव्या लागतात. म्हणून कोटांखालचा फॉर्म महत्त्वाचा. मी हे खजिनदारांना चहाच्या रांगेत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला कमिटीत यायचं आमंत्रण दिलं. (इथे काही सुचवण्याआधी विचार करा.) मी नाही म्हटलं, पण मार्चच्या कार्यक्रमात फॉर्म बाकाबाकांवर होते, प्रत्येकाबरोबर एक छोटी पेन्सिल.

मार्चचा कार्यक्रम सीझनमधला सगळ्यात चांगला. पहिल्या भागात होल्स्टचा ‘सेंट पॉल्स सूट’ (सूट म्हणजे छोट्या तुकड्यांची मालिका), मग एल्गारची ‘एनिग्मा’. होल्स्ट मुलींच्या शाळेत संगीत शिकवायचा, त्या शाळेच्या तंतुवाद्यांसाठी हा सूट लिहिलेला. हौशी हातांना बसेल असा आणि तरीही पोरकट नाही. आपल्या लोकांसाठी एक भर घालते: हा गृहस्थ लंडनमध्ये संस्कृत शिकला, ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावल्या आणि महाभारतातल्या सावित्रीवर छोटा ऑपेरा लिहिला, त्याचा पहिला प्रयोग १९१६ चा. पत्रिकेत यातलं एक अक्षर नव्हतं. पुढच्या वेळी टाका म्हणून मी शेजारणीला सांगून ठेवलंय.

‘एनिग्मा’ १८९९ ची, बहुतेक मित्रांवर एकेक तुकडा, असे चौदा. बहुतेकांना माहीत असतो तो नववा, ‘निम्रॉड’, जो नोव्हेंबरात लंडनला युद्धातल्या मृतांच्या स्मरणाला वाजतो. तो वाजला, चर्च स्तब्ध झालं, सगळं रीतसर. मला मात्र सहावा भावला. तो इझाबेल फिटन नावाच्या बाईंवर आहे. त्या हौशी व्हायोलावादक, एल्गारच्या शिष्या, आणि त्यांना एका तारेवरून दुसऱ्या तारेवर उडी मारताना त्रास व्हायचा म्हणून त्याने तोच रियाजाचा तुकडा घेऊन त्यावर गाणं बांधलं. बारावाही असाच एका हौशी चेलोवाल्या मित्रावर. म्हणजे ज्यांच्यावर हे लिहिलं गेलं तसेच लोक आमच्या चर्चमध्ये ते वाजवत होते. शेजारणीचा गज त्या उड्यांवर एकदा नीट बसला, एकदा नाही, आणि तिने स्टँडकडे पाहून जीभ चावली. इतका योग्य वादक त्या तुकड्याला मोठ्या हॉलमध्ये मिळायचा नाही.

एल्गार स्वतःही यातूनच वर आलेला. वूस्टरजवळच्या मनोरुग्णालयात कर्मचाऱ्यांचं बँड होतं, ते तो १८७९ पासून पाच वर्षं चालवायचा आणि जी वाद्यं हाताशी असतील त्यांच्यासाठी लिहायचा. हे पत्रिकेत होतं, छान लिहिलेलं.

डिसेंबरबद्दल थोडक्यात. कॅरोल्स, ‘स्ले राइड’, टोपी घातलेल्या कंडक्टरबाई, पोरं मोकाट. माझी मुलगी, जी स्वतः व्हायोलिन शिकते, म्हणाली की हे सगळं शाळेत होतंच. चर्च मात्र त्याच रात्री भरतं आणि बादलीही, त्यामुळे कमिटी तो बंद करणार नाही, करूही नये.

जूनला लंडनच्या कॉलेजात शिकणारी तरुण व्हायोलिनवादक आली होती. ‘लार्क’चा शेवट अगदी एकट्या व्हायोलिनचा, वर वर जात विरणारा. त्यात कुणाचा तरी फोन वाजला. फोनवाल्या बाई देणगीदारांच्या पहिल्या रांगेतल्या होत्या, म्हणून कुणी काही बोललं नाही. ही दुसरी तक्रार: वर्षाला मोठी रक्कम देणाऱ्या ‘फ्रेंड्स’ना पुढच्या दोन रांगा राखीव ठेवतात आणि त्यातल्या अर्ध्या रिकाम्या राहतात. कार्यक्रम सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी त्या मुलांना द्याव्यात. मुलं मागे बसतात, त्यांना काही दिसत नाही, मग ती बाकाला लाथा मारतात.

आणखी एक. नोव्हेंबरच्या भाषणांचा वेळ कमी करा. अध्यक्ष, खजिनदार, प्रायोजक, चर्चचे पाद्री, एवढे सगळे बोलेपर्यंत ओबोवाल्याने सगळ्यांना वाद्यं जुळवायला दिलेला सूर विसरायला होतं.

पुढच्या सीझनची तिकिटं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघतील. वसंतातल्या कार्यक्रमात पियानो कॉन्चेर्तो (एकल पियानो, साथीला ऑर्केस्ट्रा) आहे असं कळतंय. त्या एका रात्रीपुरतं उजवीकडे बसू नका. डावीकडे जागा धरा, वाजवणाऱ्याचे हात तिथूनच दिसतात.