तळणीच्या तेलाचं बायोडिझेल: तिन्ही ऋतूंत शेतातल्या इंजिनावर वापरून

पैसे वाचतील म्हणून कोणी यात उतरणार असेल तर आधी हिशेब बघा, कृती नंतर. वापरलेलं तळणीचं तेल मला किलोला ४५ ते ५० रुपयांना पडतं. गाळ, पाणी, मसाला आणि धुण्यातली तूट धरली तर १०० लिटर तेलातून ८५ लिटरच्या आसपास चांगलं बायोडिझेल हाती येतं. त्यात मिथेनॉल (एक विषारी अल्कोहोल), पोटॅश (कॉस्टिक पोटॅश, खताचं नव्हे), सरपण आणि थोडी वीज मिळवली की लिटर ७५ रुपयांपर्यंत जातो. डिझेल नव्वदीच्या घरात. वर बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा आठ-नऊ टक्के कमी, म्हणजे तेवढंच पाणी उपसायला इंजिन जास्त पितं. खरी बचत लिटरला दहा रुपये, आणि तीही स्वतःची मजुरी शून्य धरून.

तरी मी करतोय आणि करत राहणार आहे. मोहोळच्या बाजूला आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, हँडल मारून चालू करायचं जुनं इंजिन आहे. शेतीची लाइट रात्री-अपरात्री येते, म्हणून ते मोडीत घातलेलं नाही. गेल्या पावसाळ्यापासून ते सोलापुरातल्या वडे-भज्यांच्या तेलावर चालतंय. नुसत्या तेलावर नव्हे, त्याचं बायोडिझेल करून. आमच्याकडे बरेच जण फडक्यातून गाळलेलं तेल डिझेलच्या टाकीत ओततात आणि 'चालतंय की' म्हणतात. चालतं, पण फार दिवस नाही. ४० अंशांना डिझेलची श्यानता, म्हणजे दाटपणा, २ ते ४.५ सेंटिस्टोक असते, खाद्यतेलाची पस्तिशीच्या आसपास. एवढं जाड तेल नोझलमधून बारीक फवाऱ्यात उडत नाही, अर्धवट जळतं आणि नोझलच्या तोंडावर काळी खपली धरते. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. शेंगाचटणीच्या गावात ही गोष्ट सांगायला मजा येते, पण प्रदर्शनात चालणं वेगळं आणि हंगामभर विहिरीवर चालणं वेगळं.

बायोडिझेल करणं म्हणजे तेलाचा रेणू मोडणं. तेलात एका ग्लिसरीनला तीन फॅटी ॲसिडच्या साखळ्या चिकटलेल्या असतात. मिथेनॉल आणि अल्कली (इथं पोटॅश) घातली की साखळ्या सुटून मिथेनॉलला लागतात, ग्लिसरीन जड म्हणून खाली बसतं. वर राहतं ते बायोडिझेल, श्यानता ४-५ वर आलेली. १० लिटर तेलाला २ लिटर मिथेनॉल आणि पोटॅश (किती ते पुढे येतं), ५५ अंश, तासभर ढवळणं, रात्रभर न हलवता ठेवणं, झालं. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, म्हणून त्याच्या खालीच राहायचं. मे महिन्यात काळं बॅरल उन्हात ठेवलं की तेल तापवायचं निम्मं काम सोलापूरचं ऊनच करतं.

हे कुणालाही जमेल. खरी भानगड तेल निवडण्यात आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पार्क चौक, सात रस्ता, नवी पेठ सगळीकडून मी तेल घेऊन पाहिलं. सगळ्यात चांगलं फरसाणवाल्यांचं. त्यांची कढई मोठी, तेल लवकर बदलतात, पाण्याचा अंश कमी. त्याखालोखाल वडेवाले. चिकन सिक्स्टी-फाइव्हच्या गाड्यावरचं तेल फुकट दिलं तरी मी आता घेत नाही: पाणी, मसाला, पीठ आणि कोंबडीची चरबी सगळं त्यात. वडेवाले मामा मात्र दर वेळी तेच सांगतात, "मालक, कालचंच तेल आहे की ओ, बघा तर रंग." रंगावरून काही कळत नाही. थोडं तेल पळीत तापवायचं. तडतडलं तर पाणी आहे, मग ते आधी शंभर अंशांच्या वर तापवून उडवल्याशिवाय पुढं जायचं नाही.

दुसरी परीक्षा आंबटपणाची. १ मिली तेल, १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारं दर्शक), सगळं एका छोट्या काचेच्या बाटलीत. मग लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात १ ग्रॅम पोटॅश विरघळवलेला द्राव बिनसुईच्या सिरिंजमधून थेंबाथेंबाने सोडायचा आणि बाटली गोल फिरवत राहायचं. थेंब पडला की गुलाबी ढग उठतो आणि विरतो, पुन्हा उठतो, विरतो. ज्या थेंबाला गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला तिथं थांबायचं. जितके मिली लागले तितके ग्रॅम पोटॅश लिटरमागे जादा. ताज्या तेलाला लिटरला ७ ग्रॅम लागतं, ९० टक्के शुद्धतेचं असेल तर. फरसाणवाल्याचं तेल दोन-तीन मिलीत गुलाबी होतं, वडेवाल्याचं चार-पाचात. दहाच्या वर गेलं की मी ते तेल परत देतो, कारण जादा अल्कली घातली तरी त्याचा साबण होतो, इंधन नाही. या एका बाटलीने माझं जेवढं नुकसान टाळलं तेवढं दुसऱ्या कशाने टाळलं नसेल.

कॉस्टिक सोडा की कॉस्टिक पोटॅश, हा प्रश्न हमखास येतो. टॉवेल-चादरीच्या गावात कॉस्टिक सोडा प्रत्येक रंगणीवाल्याला ठाऊक, आणि तो स्वस्त. मी तरी पोटॅशच वापरतो, आणि कारण जमिनीचं आहे. खाली बसलेलं ग्लिसरीन आणि धुण्याचं पाणी शेवटी कुठंतरी टाकावंच लागतं. सोड्याचं असेल तर त्यात सोडियम, आणि आपल्याकडच्या काळ्या जमिनी तशाच चोपण (सोडियम साठून घट्ट आणि नापीक) व्हायला टेकलेल्या. पोटॅशचं असेल तर ते उघड्यावर ठेवून मिथेनॉल उडून गेल्यावर थोडं थोडं उकिरड्यात मुरवता येतं. विहिरीजवळ किंवा ओढ्यात यातलं काहीही ओतायचं नाही. भांडं ॲल्युमिनियमचं चालणार नाही, अल्कलीने ते खाल्लं जातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. स्टील किंवा जाड प्लॅस्टिकचा कॅन घ्या.

मिथेनॉलबद्दल हात राखून बोलण्यात अर्थ नाही. हे विष आहे. विषारी दारूच्या बातम्यांत माणसं आंधळी होतात, मरतात ती याच्यामुळे. कातडीतूनही अंगात जातं, वाफ नाकातून जाते, आणि पेटलं तर दिवसाउजेडी ज्योत दिसत नाही. परवान्याशिवाय ते मिळत नाही, आणि तसंच असायला हवं. एमआयडीसीत एका ओळखीच्यांचा कारखाना आहे, त्यांच्याकडे रीतसर परवाना आहे आणि मिथेनॉल मिसळण्याचं काम मी तिथंच, त्यांच्या केमिस्टसमोर करतो. घरी, पत्र्याच्या खोलीत, पोरंबाळं फिरताना हे करू नये. चूल पेटवायची ती फक्त नुसतं तेल तापवायला, उघड्यावर. मिथेनॉल जिथं आहे तिथं चूल नको, बिडी नको, ठिणगी उडवणारी मोटारही नको.

धुणं हा सोलापूरकरांसाठी वेगळा विषय. पुस्तकी पद्धत म्हणजे बायोडिझेलवर पाणी फवारायचं, साबण खाली उतरतो, पाणी काढायचं, पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा तेच. शहरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येतं तिथं हे कोण करणार? शेतातल्या बोअरच्या पाण्याने केलं तर ते इतकं जड की साबणाचा दह्यागत साका मध्येच धरतो. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी साठवून धुतलं, ते उत्तम झालं. पुढे वखारीतून कोरडा लाकडी भुसा आणून उभ्या पाइपात भरला आणि बायोडिझेल त्यातून हळूहळू झिरपवलं. साबण आणि उरलंसुरलं ग्लिसरीन भुशात अडकतं, पाणी लागतच नाही. शेवटची गाळणी म्हणून जुन्या सोलापुरी चादरीची चौपदरी घडी, त्या विणीला तोड नाही.

तयार माल कसा झाला हे बघायची सोपी तपासणी अशी: २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल घालून हलवायचं. सगळं विरघळून पारदर्शक झालं तर उत्तम. तळाशी तेलाचा थेंब उतरला तर तेल अर्धंच बदललंय, पुन्हा करा. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे. आपल्याकडे बायोडिझेलचं मानक आयएस १५६०७ आहे आणि घरगुती माल त्यात बसतो असं छातीठोकपणे कुणी सांगू नये.

आता इंजिन. पहिले काही आठवडे फिल्टर सारखा चोंदला. बायोडिझेल चांगलं द्रावक आहे, टाकीत वर्षानुवर्षं साचलेला डिझेलचा गाळ ते सोडवून पुढं ढकलतं. दोन फिल्टर बदलल्यावर ते थांबलं. रबरी नळी फुगून मऊ पडली, तिच्या जागी व्हिटॉनची (इंधनात न फुगणाऱ्या रबराची) टाकली, तेव्हापासून तक्रार नाही. आवाज थोडा मऊ झाला, काळा धूर जवळजवळ गेला. मिस्त्रींनी नोझल काढून बोटाने चाचपली. खपली नव्हती. ते म्हणाले, "ऑइल मात्र लवकर बदला." बरोबर आहे, न जळालेलं बायोडिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं आणि डिझेलसारखं उडून जात नाही. शेजारचे आप्पा रोज बांधावरून ओरडतात, "तुमचं इंजिन लागलं की भूक लागती की ओ!" धुराला खरोखर वड्याचा वास येतो.

थंडीत रंग बदलला. आपल्याकडचं तळणीचं तेल बहुतेक पामतेल, आणि पामतेलाचं बायोडिझेल १३ ते १६ अंशांच्या दरम्यान गढुळायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सोलापुरात पारा तिथपर्यंत आणि खालीही जातो. कॅनच्या तळाशी ते तुपासारखं थिजलेलं सापडलं, इंजिन हँडलला दाद देईना. गंमत अशी की सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा त्याच दिवसांत, होम मैदानावर भजीच्या कढयाच कढया, तेल हवं तेवढं, आणि नेमकं तेव्हाच ते चालवता येत नाही. थंडीत मी डिझेलमध्ये २० टक्केच मिसळतो, मार्चपासून नुसतं. साठवूनही फार ठेवता येत नाही, उन्हाळ्याच्या उष्म्यात ते लवकर खवट होतं. दोन महिन्यांत संपेल एवढंच करावं.

हे विकायचं मनात आणू नका. बायोडिझेल विकण्यासाठी केंद्राने २०१९ साली नियम घातलेत, नोंदणी लागते, आणि बायोडिझेलच्या नावाखाली भलतंच ऑइल विकणाऱ्यांवर राज्यात कारवाया झाल्यात. स्वतःच्या इंजिनापुरतं ठेवा. नवा ट्रॅक्टर किंवा कॉमन रेलची (अतिदाबाच्या नाजूक इंधन पंपाची) जीप असेल तर त्यातही घालू नका. त्या पंपाच्या दुरुस्तीत कित्येक वर्षांची बचत जाईल.

समाधान कुठं असेल तर ते तेल पुन्हा कढईत जात नाही यात. १ जुलै २०१८ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने साठणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर नको असा नियम केला, त्याच वर्षी वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची 'रुको' मोहीमही काढली. तरी मोठ्याकडचं काळं तेल स्वस्तात छोट्या गाड्यावर जातंच. माझ्या कॅनमध्ये आलेलं तेवढं तरी कुणाच्या पोटात जात नाही.

मित्र विचारतात, "काय बे, उसाच्या जिल्ह्यात राहतो आणि इथेनॉल करायचं सोडून वड्याचं तेल गोळा करतो?" राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात, त्यामुळे प्रश्न रास्त वाटतो. उत्तर असं की मळी आंबवून गाळणं म्हणजे कायद्याच्या नजरेत हातभट्टीच, १९४९ चा दारूबंदी कायदा इंधन का दारू हे विचारत बसत नाही. परवाना मिळाला तरी साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल वजनाने ९५.६ टक्क्यांवर अडकतं, उरलेलं पाणी तसं निघत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायला ९९.५ टक्क्यांच्या वरचं लागतं. कारखान्यांत ते पाणी मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचे खडे, शोषून घेतात. पाणीदार इथेनॉल पेट्रोलमध्ये ओतलं तर पाणी-अल्कोहोलचा थर टाकीच्या तळाशी उतरतो आणि गाडी तोच थर आधी ओढते. पंपावरच्या ई-२० चा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) अनुभव मात्र सगळ्यांसारखाच मलाही आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्के आणि चारचाकींचं ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज होता. माझ्या जुन्या दुचाकीला फरक जाणवतो, पण रडावं इतका नाही. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकीचं झाकण घट्ट बसतं का ते बघा.

करंजाच्या बियांबद्दलही विचारणा होते, रस्त्याकडेला झाडं भरपूर आहेत म्हणून. ते तेल बहुधा इतकं आंबट असतं की आधी गंधकाम्लाने एक पायरी करावी लागते, मगच वरची कृती चालते. गंधकाम्ल आणि मिथेनॉल एकत्र तापवायची माझी तयारी नाही. करंज हाती लागला तर तेल विकावं आणि पेंड शेतात टाकावी.