कुत्रीची नसबंदी: पोट उघडून की दुर्बिणीतून?

दुर्बिणीतून करायचं तर खर्च बराच वाढतो. तो करावा का, हे माझ्या मते जनावराच्या आकारावर आणि डॉक्टरांच्या हातावर ठरतं.

नेहमीच्या ऑपरेशनात बेंबीखाली चीर देऊन अंडाशय आणि गर्भाशय दोन्ही काढतात. कुत्रीचं अंडाशय मूत्रपिंडापाशी एका चिवट बंधाने घट्ट धरलेलं असतं. ते चिरेतून वर आणायला हा बंध ताणून तोडावा लागतो, आणि दुखणं बरंचसं तिथलं. दुर्बिणीत ५ ते १० मिलिमीटरची दोन-तीन छिद्रं पाडतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि बंध आतच डागून कापतात. बहुधा फक्त अंडाशयंच काढतात. मग गर्भाशयात पुढे पू होईल का? दोन्ही अंडाशयं पूर्ण निघाली आणि नंतर हॉर्मोनची औषधं दिली नाहीत, तर सहसा नाही.

१० किलोच्या आतल्या कुत्र्यांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००९ मध्ये छापून आला. ऑपरेशननंतर हालचाल पोट उघडलेल्यांची ६२ टक्क्यांनी घटली, दुर्बिणीवाल्यांची २५ टक्क्यांनी. आमच्या घरी दोन्ही झालंय. देशी कुत्री तीन दिवस पाठीला बाक काढून उभी राहायची, ओट्याची पायरी चढेना. लॅब्रेडॉरचं दुर्बिणीतून केलं, तर दुसऱ्या सकाळी दूधवाल्याची चाहूल लागताच ती फाटकाशी! तिला आवरणंच अवघड गेलं. टाके लहान असले तरी दहा दिवस उड्या बंद, आणि ते चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन हवाच.

ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्ड असेल तर मी दुर्बिणीचाच आग्रह धरेन. या जातींच्या जठराला पीळ पडून जीव जाऊ शकतो. त्याच भुलीत जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेता येतं.

मांजरीसाठी मात्र एवढा खर्च करू नका. सराईत हाताला एक-दोन सेंटिमीटरची चीर पुरते, काम काही मिनिटांत उरकतं. बोक्याला आणि कुत्र्याला दुर्बीण लागतच नाही, फक्त वृषण पोटात अडकलं असेल तर ती खरी कामाची. गर्भाशयात आधीच पू भरला असेल तर बहुतेक वेळा पोट उघडणंच बरं.

गॅसच्या दाबाने श्वासावर ताण येतो, म्हणून भुलीवर लक्ष ठेवायला वेगळा माणूस असेल का, ते विचारा. डॉक्टरांनी अशी किती ऑपरेशनं केलीत, तेही विचारा. रक्तस्राव आटोक्यात आला नाही तर टेबलावरच पोट उघडावं लागतं. तेव्हा बिल किती होईल, हे सही करण्याआधी ठरवून घ्या.